बारा कुप्या

शिशाच्या पेटीत बारा कुप्या होत्या. प्रत्येक कुपी दहा मिलिलिटरची, रबरी बुचाची, बुचाभोवती ॲल्युमिनियमची कडी. दहा बुचांत सुईचं एकेक भोक. तिसऱ्या आणि नवव्या बुचात दोन-दोन, म्हणजे त्या दोन दिवशी औषध दोनदा काढावं लागलं असणार. चिठ्ठ्या बारा, सगळ्या एकाच हाताच्या. त्यांतल्या दोन ओलीने पुसट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या. सन्मतीने किरणोत्सार मोजायचं यंत्र कुप्यांवरून सावकाश फिरवलं. काटा भिंतीपाशी जितका हलत होता तितकाच इथेही हलला. २०३१ साली ह्या कुप्या भरल्या तेव्हा त्यांत किरणोत्सारी फ्लोरीन होतं. ते दर एकशे दहा मिनिटांनी निम्मं होतं. बारा वर्षांत ते सत्तावन्न हजार वेळा निम्मं झालं होतं.

तिने चिठ्ठ्या एकामागून एक वाचल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ, मात्रा आणि खाली दोन ओळी: बनवणार कोण, घेणार कोण. बनवणारी सगळीकडे एकच, नि. के. घेणारे वेगवेगळे. फक्त पहिल्या चिठ्ठीवर दोन्ही ओळींत तीच अक्षरं होती.

नि. के. म्हणजे डॉ. निवेदिता केळुसकर. सांगलीचं हे रेणुचित्रण केंद्र त्यांनी उभं केलं होतं, आणि आत्ता त्या वरच्या मजल्यावर चहा पीत बसल्या होत्या.

सन्मती तळघरात उतरली त्याला कारण झालं होतं करपलेलं दूध.

मागच्या रविवारी आई जैन बस्तीत दर्शनाला गेली होती आणि सन्मती गच्चीवर कपडे काढत होती. जिन्यातच तिला करपल्याचा वास आला. ती धावत स्वयंपाकघरात शिरली तर पातेलं काळं पडलेलं, खोलीभर धूर, आणि गॅसपासून चार हातांवर आण्णा खुर्चीत पेपर वाचत बसलेले.

"आण्णा, दूध!"

"काय झालं दुधाला?" त्यांनी पेपर खाली केला आणि धूर बघून ते दचकले.

आण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, पस्तीस वर्षं सांगलीच्या बाजारात हळदीची पारख करत होते. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, तुकडा नाकाशी न्यायचा आणि प्रत सांगायची. सौद्यात घेणारा आणि देणारा दोघेही त्यांच्या नाकापुढे वाद घालत नसत. अशा माणसाला चार हातांवरचं दूध करपलेलं कळलं नाही, हे सन्मतीला विचित्र वाटलं. तिने मांडणीवरची एक डबी काढली.

"डोळे मिटा."

"आता काय आणि? पोराटोरांचा खेळ?"

"मिटा की."

आण्णांनी डोळे मिटले. तिने उघडी डबी त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी दोनदा श्वास ओढला, मान हलवली आणि बाजारात सांगतात तशा ठाम आवाजात सांगितलं, "हळद. राजापुरी. एक नंबर."

डबीत हिंग होता.

त्यांनी डोळे उघडून डबीत बघितलं. मग आण्णा म्हणाले, "नाक बसलंय जरा. सर्दी."

"कधीपासून?"

"झालं असंल दीड वर्ष."

"दीड वर्ष सर्दी असते व्हय?"

"तू माझी उलटतपासणी करू नकोस. मोडताना हळकुंडाचा आवाज ऐकला तरी मला प्रत कळते." मग जरा खालच्या पट्टीत, "आईला बोलू नकोस. आणि बाजारात तर नकोच नको."

सन्मतीला जे माहीत होतं ते आण्णांना माहीत नव्हतं. कंपवात हातापासून सुरू होत नाही. हात थरथरू लागतो तो शेवटी. त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी मेंदूच्या देठापाशी एका प्रथिनाच्या बारीक गुठळ्या साठायला लागलेल्या असतात, आणि बऱ्याच माणसांत सगळ्यात आधी जातो तो वास.

त्या गुठळ्या जिवंत माणसात दाखवणारा रेणू केळुसकर मॅडमनी बनवला होता. त्याचं कागदावरचं नाव एनके-४१. आधीचे चाळीस फसले म्हणून एक्केचाळीस. पहिले सतरा मेंदूत शिरलेच नाहीत, पुढचे नऊ शिरले आणि बाहेर यायला तयार होईनात, उरलेले चौदा नको तिथे चिकटले. ह्यात मॅडमची नऊ वर्षं गेली. प्रत्येक फसलेल्या रेणूची वही त्यांनी ठेवली होती, आणि नव्या माणसाने केंद्रात आल्यावर आधी त्या चाळीस वह्या वाचायच्या असा दंडक होता. सन्मतीने त्या पाच महिन्यांत वाचल्या. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत शिकली नसेल इतकं रसायनशास्त्र ती त्या अपयशांतून शिकली.

एनके-४१ चं काम सांगायला सोपं होतं. रेणूला किरणोत्सारी फ्लोरीनचा एक अणू जोडायचा आणि तो शिरेतून द्यायचा. तासाभरात तो मेंदूत फिरून येतो. गुठळ्या असतील तिथे अडकतो, नसतील तिथून वाहून जातो. अडकलेल्या रेणूंतून निघणारे किरण स्कॅनर बाहेरून मोजतो. मग एक भागाकार करायचा: देठापाशी जितकी चमक, भागिले लहान मेंदूत जितकी. लहान मेंदूत ह्या गुठळ्या साठत नाहीत. निरोगी माणसाचं उत्तर एकच्या थोडंसं वर येतं. गुठळ्या वाढतात तसा आकडा वाढतो, वर्षाला साधारण दोन शतांश. दीडच्या पुढे कधीतरी हात कापू लागतो.

पण निम्मं होण्याची ती एकशे दहा मिनिटं! पुण्याहून मात्रा निघाली की सांगलीला पोचेपर्यंत जेमतेम पाव शिल्लक. म्हणून मॅडम स्वतःच सांगलीला आल्या होत्या. मुंबईतली मोठी प्रयोगशाळा सोडून, लोक वेड्यात काढत असताना, त्यांनी इथे फ्लोरीन बनवणारा छोटा सायक्लोट्रॉन बसवला. केंद्राचा स्कॅनर चालवणारे अस्लमभाई मुजावर पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर होते. रेणूला ते काजवा म्हणत. "रात्रभर कुठला? दुपारच्या जेवणापर्यंत चमकतो. पण तेवढ्यात सगळं दाखवून जातो."

२०३८ साली गुठळ्या रोखणारं औषध आलं आणि काजव्याला खरी किंमत आली. आकडा १.४० च्या आत असताना औषध सुरू केलं तर आजार तिथेच थांबतो. त्यापुढे गेल्यावर औषधाचा काही उपयोग होत नाही. आणि आकडा १.२३ च्या वर असल्याशिवाय औषध मिळत नाही, कारण १.२३ पर्यंत माणूस निरोगी समजला जातो. औषध जड होतं, यकृताला त्रास देणारं. निरोगी माणसाला देणं योग्य नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आण्णांची तपासणी झाली होती. तेव्हाचा आकडा १.१७. शेरा: सर्वसामान्य.

सोमवारी सन्मतीने अस्लमभाईंना विचारलं, "भाई, ही १.२३ ची रेषा आली कुठून?"

"तळघरातून," अस्लमभाई म्हणाले. "शिशाच्या पेटीत बारा कुप्या आहेत, त्यांतून. मॅडम फेकू देत नाहीत. माझ्या निकाहची शेरवानी कधीच बोहारणीकडे गेली, पण ह्या कुप्या आहेत जागच्या जागी."

पेटी बंद करून सन्मतीने २०३१ सालची वही काढली. एनके-४१ पहिल्यांदा माणसांना दिला तेव्हाचे बारा निरोगी स्वयंसेवक एका पानावर होते. अकरा आकडे १.०३ आणि १.०९ च्या दरम्यान. स्वयंसेवक क्रमांक एक: १.३१.

तिने तिथेच उभ्या उभ्या गणित केलं. सरासरी काढायची, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते काढायचं, सरासरीत त्या पसाऱ्याची दुप्पट मिळवायची. ती निरोगीपणाची रेषा. बारा आकड्यांची रेषा आली १.२३. एक नंबर झाकून तिने पुन्हा मांडलं, तेव्हा रेषा झरकन खाली आली. एका माणसाने ती वर उचलून धरली होती.

तिने आणखी एक गोष्ट मोजली, आणि मोजताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. २०३१ च्या वहीत मॅडमच्या "क" चा दंड पाच मिलिमीटर होता. मागच्या आठवड्याच्या पानावर तीन. कंपवातात अक्षर असंच बारीक होत जातं.

वही घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली. "ये," मॅडम म्हणाल्या. "तळघरातली धूळ केसांना लागलीय. म्हणजे कुप्या बघितल्यास."

सन्मतीने वही टेबलावर ठेवली. "मॅडम, स्वयंसेवक एक तुम्ही आहात."

"हो. तेव्हा आमच्याकडे पद्धत होती. ज्याने बनवलं त्याने पहिलं घ्यायचं. स्वतःच्या शिरेत घालायचा धीर नसेल तर दुसऱ्याच्या शिरेत घालायचं नाही."

"आमच्यात नैवेद्याला आधी तोंड लावत नाहीत म्हणून मी तेव्हाही बोललो होतो," दारातून अस्लमभाई म्हणाले. ते जुळणीचे कागद घेऊन आले होते ते तिथेच थांबले.

"तुमच्यात कधीपासून नैवेद्य हो?"

"मिरजेत सगळ्यांच्यात सगळं असतं, मॅडम."

मॅडम हसल्या. सन्मतीला हसू आलं नाही. "तुमचा आकडा इतका वेगळा आहे. तो काढून का नाही टाकला?"

"सगळ्यांनी सांगितलं काढा म्हणून. मी विचारलं, कारण काय? यंत्र तपासलं, मात्रा तपासली, पुन्हा वाचन केलं. चूक सापडली नाही. मला काही होत नव्हतं. एखाद्याचा मेंदू जन्मतःच तसा असू शकतो. तसा असेल तर निरोगी माणसांत असेही असतात हे रेषेला कळायलाच हवं. नुसता आवडत नाही म्हणून आकडा खोडायचा? कारण लिहिल्याशिवाय ह्या केंद्रात आकडा खोडत नाहीत. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला कारण, तारीख, सही. माझ्याजवळ लिहायला कारण नव्हतं."

"पण पुढे आणखी निरोगी माणसं तपासली असतील ना? त्यांच्यावरून..."

"ती निवडली कशी?" मॅडमनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्या थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "ह्याच रेषेने. १.२३ च्या आत असलेले निरोगी धरले आणि त्यांच्यावरून रेषा तपासली. ती बरोबर आली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बारा वर्षं मी पोरांना शिकवतेय, फूटपट्टीने फूटपट्टी मोजू नका."

मॅडमनी वही आपल्याकडे ओढली.

"दुसऱ्या वर्षी मी पुन्हा स्कॅन करणार होते. आकडा वाढला तर आजार, तेवढाच राहिला तर माझी घडण. पण पुढच्याच वर्षी नियम आला, बनवणाऱ्याने स्वतःवर प्रयोग करायचा नाही. योग्यच नियम होता. परवानगी मागितली असती तर मिळाली असती." त्यांनी सन्मतीकडे बघितलं. "मी मागितली नाही. माझं अक्षर बारीक झालंय, हेही तू बघितलं असशील. मी चष्म्याचा नंबर बदलला आणि गप्प बसले. किती लोक आहेत मधल्या पट्ट्यात?"

"एक नंबर वगळला तर रेषा १.१० ला येते. त्या आणि १.२३ च्या मधले आपल्याकडे तीनशे बारा." सन्मतीने क्षणभर वहीकडे बघितलं. "त्यांतले एक माझे वडील. १.१७. त्यांचा वास गेलाय."

"हे पहिल्या वाक्यात सांगायचं."

"सॉरी, मॅडम."

"सॉरी नको. तुला कुठला आकडा यायला हवा आहे हे आता मला माहीत झालं, एवढंच. माझी तपासणी करायची. मात्रा तू बनवायचीस. वाचनही तूच करायचंस, कारण देठाची कड तुझ्याइतकी नीट इथे कुणी आखत नाही. पण कुणाचं चित्र आहे ते तुला कळता कामा नये."

सन्मती बाहेर पडली तेव्हा अस्लमभाई तिच्याबरोबर जिन्यापर्यंत आले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "पोरी, तुला माहीत आहे ना? हात कापायचा आजार निघाला तर मॅडमना हॉट सेलला हात लावता येणार नाही. नियम आहे."

हॉट सेल म्हणजे शिशाच्या जाड भिंतींची पेटी, जिच्यात यांत्रिक हात घालून रेणूला फ्लोरीन जोडतात. मॅडमचा अठ्ठावन्नावा रेणू तिथे अर्ध्यावर होता.

नीतिसमितीची परवानगी यायला अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत सन्मती रोज सूर्य मावळायच्या आत घरी पोचली, कारण मगदुमांच्या घरी दिवे लागल्यावर जेवत नसत. तिसऱ्या दिवशी आण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आज सौद्यात एक लॉट हुकला. वर रंग चांगला, आत कुबट होती म्हणं. घेणाऱ्यानं वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. काही बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं."

"असं हुतं कधी," आई म्हणाली. तिला अजून काही माहीत नव्हतं.

"पस्तीस वर्षांत झालं न्हाई."

सन्मतीने ताटातली डाळ संपवली. औषध आजार थांबवतं, गेलेला वास परत आणत नाही. पण आण्णांचे हात होते, चालणं होतं, बाजारभर ऐकू येणारा आवाज होता. ते सगळं वाचायला रेषा खाली यायला हवी होती, आणि रेषा खाली यायला मॅडम आजारी असायला हव्या होत्या. हे तिच्या मनात इतक्या सरळ वाक्यात आलं की ती ताटावरून उठली आणि नळाखाली उगाचच बराच वेळ हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने ते मॅडमना सांगून टाकलं. सांगितल्याशिवाय तिला हॉट सेलपाशी उभं राहवेना.

"मग त्यात काय?" मॅडम म्हणाल्या. त्या अठ्ठावन्नाव्या रेणूचा आलेख बघत होत्या. "माझंही तसंच आहे. माझी घडणच तशी निघाली तर मी बरी, पण मग तुझ्या वडिलांचा वास का गेला हे मला सांगता येत नाही. आजार निघाला तर रेणूने बारा वर्षांपूर्वी मला खरं सांगितलं होतं. एक्केचाळीस रेणू केले गं. त्यातला एक खरं बोलला असेल तर मला आवडेल." मग आलेखावर बोट ठेवून, "हा इथला खांदा बघ. अशुद्धी आहे. धुवायचं पाणी बदल."

सन्मतीने पाणी बदललं. खांदा गेला.

तपासणीच्या सकाळी ती पाचला केंद्रात आली. नऊ वाजता शिरेत किरणोत्साराचे पाच मिलिक्युरी जायला हवेत, म्हणजे सात वाजून दहा मिनिटांनी कुपीत दहा हवेत. मधल्या एकशे दहा मिनिटांत शुद्धता तपासायची, गाळणी तपासायची, सही करायची. यांत्रिक हातांनी तिने जुळणी केली. मॅडम काचेपलीकडे खुर्चीवर बसून बघत होत्या. सात दहाला कुपीत दहा पूर्णांक चार मिलिक्युरी होते. शुद्धता नव्व्याण्णव टक्के. सन्मतीने चिठ्ठी लिहिली. बनवणारी: स. म. घेणारी: नि. के.

"अक्षर छान आहे," मॅडम म्हणाल्या. "मोठं काढतेस."

सुई टोचताना अस्लमभाई म्हणाले, "मॅडम, मूठ आवळा. बारा वर्षांपूर्वी शीर पटकन सापडली होती."

"बारा वर्षांपूर्वी तुम्हालाही चष्मा नव्हता."

आत जाण्यापूर्वी मॅडमनी वहीत दोन ओळी लिहून वही अस्लमभाईंकडे दिली. घडण असेल तर: १.२८ ते १.३४. आजार असेल तर: १.५० किंवा जास्त. तारीख, वेळ, सही. "आकडा आल्यावर शहाणपण सुचतं," त्या म्हणाल्या, "म्हणून ते आधी लिहून ठेवायचं."

दुपारी अस्लमभाईंनी पाच चित्रं सन्मतीच्या पडद्यावर टाकली. नावं नव्हती, वय नव्हतं, तारखा नव्हत्या. फक्त क, ख, ग, घ, च. त्यांतलं एक आजचं. बाकीची मागच्या महिन्यातल्या चार जणांची. कुठलं अक्षर कुणाचं ते एका बंद पाकिटात होतं आणि पाकीट अस्लमभाईंच्या खिशात. जुन्या आणि नव्या स्कॅनरच्या आकड्यांची सांगड मॅडमनी यंत्र बदललं तेव्हाच घालून ठेवली होती, तेव्हा आकडे थेट ताडून बघता येणार होते.

सन्मतीने प्रत्येक चित्रात देठाची कड आखली, मग लहान मेंदूची. मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून आखलं. दोन वेळच्या आखण्यांत एका शतांशापेक्षा जास्त फरक आला नाही. दोन तासांनी तिने आकडे लिहिले.

क: १.०७
ख: १.६९
ग: १.३३
घ: १.५६
च: १.०५

मॅडम हाताला चिकटवलेला कापसाचा बोळा न काढताच तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी यादी वाचली. "ख नाही. तो मागच्या महिन्यातल्या चौघांपैकी एक असणार, त्याचा हात किती कापतो ते मी बघितलंय. क आणि च तर नाहीतच. म्हणजे ग किंवा घ."

"पाकीट उघडू?" अस्लमभाईंनी विचारलं.

"आधी सन्मतीने सही करू दे. उघडल्यावर आकडा बदलता येत नाही."

सन्मतीने सही केली. तिने मागे वळून मॅडमकडे बघितलं. मॅडम पडद्याकडे, ग आणि घ ह्या दोन चित्रांकडे बघत होत्या, पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या.

"घ मध्ये कड काय सुंदर आलीय," त्या म्हणाल्या. "बघ, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. खऱ्या आजारात असंच असतं. जो कुणी आहे, त्याचा हा स्कॅन पुस्तकात छापावा असा आहे. उघडा हो भाई."

अस्लमभाईंनी पाकीट फोडलं. आतला कागद त्यांनी उलगडला, चष्म्यातून वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला.

"भाई."

"घ," अस्लमभाई म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. "२०३१ ची वही द्या. आणि पट्टी."

सन्मतीने वही उघडून दिली. मॅडमनी १.३१ च्या आकड्यावर पट्टी ठेवली आणि एक रेघ मारली. आकडा खालून नीट वाचता येत होता. बाजूला त्यांनी कारण लिहिलं, तारीख घातली, सही केली. अक्षर इतकं बारीक होतं की सन्मतीला वाकून वाचावं लागलं: स्वयंसेविका निरोगी नव्हती.

"सॉरी म्हणू नकोस," मॅडम म्हणाल्या. "अठ्ठावन्नची वही उद्यापासून तुझी. भाई, त्या तीनशे बारा जणांची यादी काढा, वयाने नको, आकड्याने लावा. वरचे आधी बोलवायचे." मग त्या सन्मतीच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "आता अकरांची रेषा काढ. यंत्राने नको. हाताने, मला दिसेल अशी. पुन्हा पहिल्यापासून."

सन्मतीने अकरा आकडे एकाखाली एक लिहिले. बेरीज अकरा पूर्णांक सहासष्ट. सरासरी १.०६. प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर काढलं, वर्ग केले, बेरीज केली, दहाने भागलं, वर्गमूळ काढलं: ०.०२०५. त्याची दुप्पट सरासरीत मिळवली.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"एक पॉइंट दहा."